करंगळी

"केतकी अरविंद माळवदे."

"हजर, बाई."

वर्गात विद्यार्थी एकच होता, तरी मी हजेरी घ्यायची. रोज सकाळी साडेनऊला, आमच्या दुकानामागच्या मधल्या खोलीत. भिंतीला फळा टांगला होता. शर्टाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर रंगीत खडूनं वेळापत्रक लिहिलं होतं: मराठी, गणित, परिसर, मधली सुट्टी. घंटा म्हणून कुकर. तिसरी शिट्टी झाली की तास संपला. मी साडीला पिन लावून, केस घट्ट बांधून फळ्यापुढे उभी, आणि समोर चटईवर माझीच साडेसात वर्षांची पोर. हाताची घडी, तोंडावर बोट.

आता सांगताना हसू येतं. तेव्हा मी अगदी गंभीर होते.

ही सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही पाचगणीत राहत होतो, अजूनही तिथंच आहोत. आमच्या गावात स्ट्रॉबेरी पिकते त्याहून जास्त शाळा पिकतात. ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, शिंपीकामाचं दुकान. पाच शाळांचे गणवेश आमच्याकडे शिवायला असायचे. घरात जिकडे बघावं तिकडे निळे, राखाडी, मरून फ्रॉक आणि चड्ड्या. आणि त्या ढिगाऱ्यात आमचीच पोर शाळेबाहेर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याकडे येऊन लोक बघून जायचे.

केतकीनं दुसरीच्या मध्यावर शाळा सोडली. सोडली तिनं, आम्ही नाही. डिसेंबरातल्या एका सोमवारी तिनं शाळेच्या फाटकाचा गज दोन्ही हातांनी धरला तो सोडेचना. मंगळवारी तेच. बुधवारी घरातच उलट्या. काय झालं विचारलं तर मान खाली. शाळेच्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "काही झालं नाही हो. घरी लाड फार होतात वाटतं." बासष्ट मुलांचा वर्ग होता त्यांचा. त्यांना तरी काय माहीत असणार, असं आज म्हणते. तेव्हा मी त्यांना गावभर नावं ठेवली.

मग मीच म्हटलं, "मी शिकवते हिला घरी."

त्यात पोरीची काळजी होती, तशी माझी हौसही होती, हे कबूल करायला हवं. बारावीनंतर डी.एड.ला माझा प्रवेश दोन मार्कांनी हुकला होता. ती बाई होण्याची इच्छा दहा वर्षं कपाटात घडी घालून ठेवली होती, ती मी आता बाहेर काढली.

हे शांत माणूस. तोंडात टाचण्या धरून काम करायची सवय, त्यामुळे बोलणं कमीच. टाचण्या काढून म्हणाले, "जूनपर्यंत शिकव. मे महिन्यात अक्का येईल, ती परीक्षा घेईल. ती म्हणाली पोरीला येतंय, तर पुढं बघू. नाही म्हणाली, तर पंधरा जूनला केतकी शाळेत. कबूल?"

"कबूल."

अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानंच ह्यांना वाढवलं. फलटणकडच्या एका गावात ती शाळेत मुख्याध्यापिका होती, निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. ह्यांच्यासाठी अक्काचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. लग्नात माझ्या नाकाचं माप घेतल्यासारखं बघितलं होतं तिनं.

तर तो जानेवारीतला मंगळवार. गणिताचा तास. हातच्याची वजाबाकी. केतकीचं लक्ष नव्हतं, बसल्या जागी चुळबुळ चालली होती. मी दोनदा दटावलं. मग तिनं हात वर केला. करंगळी ताठ, बाकीची बोटं मिटलेली. आपल्याकडे कुठल्याही शाळेत याचा अर्थ विचारावा लागत नाही.

मी बघितलं. म्हणाले, "आधी एवढी दोन गणितं."

"बाई..."

"दुसरीच शिट्टी झालीय. तिसरी होऊ दे."

ती खाली बसली.

त्यानंतर काय झालं ते मी कुणालाच सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. त्याच दुपारी मी फळा उतरवला आणि पालथा घालून त्यावर सांडगे वाळत घातले. वेळापत्रकाचा पुठ्ठा बंबात गेला.

संध्याकाळी ह्यांनी भिंतीकडे बघितलं. "शाळा बंद?"

"सुट्टी लागली."

"जानेवारीत?"

"आमच्या शाळेला लागते."

ह्यांनी टाचण्या परत तोंडात धरल्या.

सुट्टी लागली खरी, पण पुढं काय करायचं याचा मला पत्ता नव्हता. पहिले पंधरा दिवस मी केतकीला काहीच शिकवलं नाही. ती माझ्या मागं मागं असायची. तिनं मला 'आई' म्हणायला पुन्हा सुरुवात केली ती नवव्या दिवशी. मी मोजत होते. नवव्या दिवशी सकाळी भाकरी थापताना मागून हाक आली, "आई, मी पण थापू?" आणि माझी भाकरी परातीतच मोडली.

तिची भाकरी म्हणजे महाराष्ट्राचा नकाशा झाली. मी तसं म्हणाले, तर तिनं विचारलं, मग आपण कुठं आहोत? मी बोटानं टोचून दाखवलं. अक्काआत्या कुठं? तेही टोचलं. नदी कुठं? कृष्णा काढेपर्यंत तवा तापून धूर झाला. ही नकाशाची भाकरी तिनंच खाल्ली, आणि फलटण सगळ्यात शेवटी.

मग असंच चालू झालं. दुपारी हे जेवून पडले की ती कटिंगच्या टेबलावर चढायची. टेप गळ्यात घालून घरातली प्रत्येक वस्तू मोजायची: दार, मांजर, माझी वेणी. हे तिला रागवायचे नाहीत. एकदा म्हणाले, "सव्वा म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "एक आणि वर चार बोटांतलं एक बोट." ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शिकवलं नव्हतं.

आम्ही रोज टेबल लँडच्या पठारावर चढून जायचो. येताना ती दगड आणायची, शेंगा आणायची, आणि प्रश्न आणायची, त्यातल्या निम्म्यांची उत्तरं मला यायची नाहीत. आधी मी थापा मारायची. मग 'मला नाही माहीत' म्हणायला शिकले. माझ्या त्या वर्षातल्या अभ्यासातला हा सगळ्यात अवघड धडा.

वाचनाचं मात्र काही कळायचं नाही. शाळेत असताना ती अडखळत का होईना, पण वाचायची. फाटक धरलं त्या दिवसापासून तिनं मोठ्यानं एक अक्षर वाचलं नव्हतं. मी वाचनालयातून पुस्तकं आणून दुपारी तिला वाचून दाखवायची. रंगात आलं की मुद्दाम उठायची, दूध बघून येते म्हणून. परत येईपर्यंत पान उलटलेलं असायचं. मी मनात म्हणायची, वाचतेय पोर. आणि दुसरं मन म्हणायचं, वारा होता.

एप्रिलमध्ये गणवेशांची गर्दी सुरू झाली. प्रत्येक पुडक्याला नावाची चिठ्ठी टाचलेली. एका दुपारी बघते तर चाळीस पुडकी तिनं इयत्तेप्रमाणे लावून ठेवलेली. मी ह्यांना हाताला धरून आणलं.

"बघा. नावं वाचून लावलीयत."

ह्यांनी दोन पुडकी दाबून बघितली. "मापावरून लावली असतील. लहान-मोठी."

"तिला विचारू?"

"विचार."

मी विचारलं नाही. भीती वाटली. ह्यांनीही त्याच आठवड्यात केतकीचा तिसरीचा गणवेश शिवला आणि मधल्या खोलीतल्या खुंटीला टांगला. निळा, पांढऱ्या कॉलरचा. शिवण फार सुबक घातली होती, त्याचाच मला राग आला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात अक्का एसटीनं आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात छत्री. आणि पिशवीत, वरच दिसेल असं, दुसरीचं मराठीचं पुस्तक.

पाणी पिता पिता म्हणाली, "फळा कुठाय तुझा? अरविंदनं लिहिलं होतं फळा लावलाय म्हणून."

"सांडग्यांना घेतला."

अक्कानं भांडं खाली ठेवलं. "सांडग्यांना."

"हो."

दुसऱ्या दिवशी तिला ब्लाउज शिवायचं होतं. ह्यांच्या हातात इस्त्री होती, म्हणाले, "केतू, आत्याचं माप घे गं." केतकी स्टुलावर चढली आणि तिनं टेप लावला. अक्कानं दम रोखून पोट आत घेतलं.

"अक्काआत्या, श्वास सोडा."

"सोडलाय."

"नाही सोडला. मग ब्लाउज तटतटतं आणि लोक बाबांना बोलतात."

ह्यांनी तोंड फिरवलं. अक्कानं श्वास सोडला. केतकी माप घेत होती आणि वहीत लिहीत होती. आकडे तेवढे लिहायची. छाती, कंबर, बाही असे रकाने आधीच छापलेले होते. त्यामुळे यातूनही वाचनाचं सिद्ध काहीच होत नव्हतं. अक्कानं ती वही हातात घेऊन बराच वेळ बघितली आणि म्हणाली, "आकडे सुबक आहेत. उद्या सकाळी दहाला बसू. शितावरून भाताची परीक्षा होते. पाच गणितं, एक पान वाचन. बास."

त्या संध्याकाळी मी मोडले, हेही सांगून टाकते. केतकीला परसात नेलं, पुस्तक उघडलं, म्हणाले, "केतू, आईसाठी. एकच ओळ." तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हाताची घडी घातली. तोंडावर बोट ठेवलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. मी पुस्तक मिटलं आणि तिचा हात तोंडावरून काढला. "नको. चल, अबोलीला पाणी घालू."

दुसऱ्या दिवशी दहाला मधल्या खोलीत चटई पसरली. अक्का खुर्चीत, केतकी चटईवर, खुंटीला तो निळा गणवेश. दुकानात ह्यांचं मशीन चालू होतं, मध्ये फक्त पडदा. मी स्वयंपाकघराच्या दारात पळी हातात घेऊन उभी. आमटी करपली तरी हलणार नव्हते.

"एका फ्रॉकला सव्वा मीटर कापड," अक्का म्हणाली. मुद्दाम सोपं करून विचारत होती, हे मला दिसलं. "तर आठ फ्रॉकना किती?"

"दहा." केतकी लगेच म्हणाली. मग जरा थांबून, "चौकड्याचं असेल तर साडेदहा घ्या. चौकडे जुळवायला लागतात."

"पुस्तकातल्या कापडाला चौकडे नसतात."

"मग दहा."

पडद्यामागचं मशीन जरा अडखळलं आणि परत चालू झालं.

चार गणितं सुटली. पाचव्याला अक्कानं विचारलं, "सात आठे?"

केतकीनं मांडीवर बोटं दाबली. आठ ब्लाउजना सात-सात हुक लावत असावी. फार वेळ लागला. "छप्पन."

"पाढा पाठ नाही," अक्कानं कागदावर टिपून ठेवलं. "असू दे. आता वाचन."

पुस्तक केतकीपुढे ठेवलं. मला ते पान अजून आठवतं. त्यावर विहिरीचं चित्र होतं. केतकी बघत राहिली.

"वाच बाळा."

काही नाही.

"पहिली ओळ. मोठ्यानं."

केतकीची नजर पानावरून खाली सरकत होती. ओळीनं सरकत होती की चित्रावरून, देव जाणे. ओठ घट्ट मिटलेले.

"पहिला शब्द तरी? बरं, पहिलं अक्षर?"

पडद्यामागं मशीन मंद झालं होतं. मला वाटत होतं धावत जावं आणि मीच वाचून टाकावं ते पान. अक्कानं चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत विजय वगैरे नव्हता. वाईटच वाटत होतं तिला. ते मला जास्त लागलं.

आणि तेवढ्यात केतकी उठली. पुस्तक उघडंच ठेवलं, उठली, आणि माझ्या शेजारून स्वयंपाकघरातून मागच्या दारानं बाहेर गेली.

"अगं ए! कुठं निघालीस? बस खाली!" अक्का खुर्चीतून अर्धी उठली.

परसातल्या संडासाची कडी वाजली. मग नळ. मग केतकी आली, ओले हात फ्रॉकला पुसत, आणि पुन्हा चटईवर मांडी घालून बसली. पुढे काय, अशा चेहऱ्यानं अक्काकडे बघायला लागली.

माझ्या हातातली पळी खाली पडली. मला हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणीच यायला लागलं, आणि दोन्ही थांबेनात.

"हसतेस काय रजनी!" अक्काचा आवाज मुख्याध्यापिकेचा झाला. "परीक्षेतून उठून गेली पोर! विचारून जायची काही पद्धत आहे की नाही? पाच महिन्यांत हे शिकवलंस तू तिला?"

"हो अक्का," मी म्हणाले. "पाच महिन्यांत हेच शिकवलं."

मग केतकीला म्हटलं, "केतू, परसात जा. अबोलीची फुलं काढ." ती गेली. मी तिच्या पावलांचा आवाज लांब जाईपर्यंत थांबले आणि अक्कासमोर चटईवर, केतकीच्या जागेवर बसले.

"जानेवारीत मी हिची बाई झाले होते. हजेरी घ्यायची, शिट्टीवर तास घ्यायची. एका मंगळवारी हिनं करंगळी वर केली. मी म्हटलं, तिसरी शिट्टी होऊ दे. कुकर का कुणास ठाऊक, रेंगाळला. ही बसून राहिली. याच चटईवर. शिट्टी झाली आणि मी म्हटलं, जा आता. तर ही उठेना. मी हाताला धरून उठवलं, तर चटई भिजलेली. अक्का, माझी पोर स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईसमोर... मागचं दार दहा पावलांवर. आणि मला काय म्हणाली माहितीय? म्हणाली, 'बाई, मी पुसते. मला पुसता येतं.'"

अक्कानं चष्मा काढला.

"कुठं शिकलीस पुसायला, विचारलं मी. तेव्हा तिनं सांगितलं. शाळेत असंच झालं होतं. डिसेंबरात. तीनदा करंगळी वर केली होती. मग मुलं हसली, आणि फडकं आणून तिनंच पुसलं. घरी येताना पाटीची पिशवी पुढं धरून आली, म्हणून मला दिसलं नाही. त्या बाईंना मी गावभर नावं ठेवली. आणि घरी फळा लावून मी तेच केलं, अगदी तसंच केलं. त्यांच्याकडे बासष्ट मुलं तरी होती. माझ्याकडे एक होतं."

पडदा बाजूला झाला. मशीन कधी थांबलं होतं मला कळलंच नाही. हे दारात उभे होते, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या नाहीत.

"मला का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

"मग फळा..."

"म्हणून काढला. त्यानंतर किती आठवडे ती जायच्या आधी माझ्याकडे बघायची. मी रोज सांगायची, विचारायचं नाही राणी, उठायचं आणि जायचं. तरी थांबायची. मी हो म्हणेपर्यंत हलायची नाही. आज परक्या माणसाच्या परीक्षेतून ती उठून गेली. आजवर घरात कुणासमोर गेली नव्हती अशी." परकी म्हटलेलं अक्काला लागलं असेल, पण मी आता थांबणार नव्हते. "वाचली नाही, मान्य. पाढा येत नाही, तेही मान्य. पण जूनमध्ये ती शाळेत जाणार नाही. वाचो न वाचो."

"तू कबूल केलं होतंस," अक्का म्हणाली.

"केलं होतं. मोडते."

लग्नानंतर नऊ वर्षांत त्या घरात मी असं बोलले नव्हते. ह्यांच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. मी उठून पळी उचलली आणि आमटी बघायला गेले. करपली होतीच.

मागून अक्काचा आवाज आला. मला की स्वतःला, ते कळलं नाही.

"एकाला जाऊ दिलं की सगळे हात वर करतात. म्हणून पहिल्या करंगळीकडे बघायचंच नाही. मी नोकरीला लागले तेव्हा मोठ्या बाईंनी मला हे शिकवलं. मी पुढच्या बायांना शिकवलं."

दुपारी तिनं करपलेली आमटी मुकाट्यानं खाल्ली. संध्याकाळी परसात केतकी अबोलीचा गजरा करत होती, अक्का तिच्याजवळ जाऊन बसली. मी खिडकीतून बघत होते.

सकाळच्या एसटीला आम्ही तिघं तिला पोचवायला गेलो. गाडी लागायला वेळ होता. अक्कानं छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"अरविंद, दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म असतो. त्याला अजून आठ वर्षं आहेत. मी कागदपत्रं बघून ठेवते."

हे नुसतेच मान हलवत राहिले. त्यांचे डोळे भरले होते.

मग ती माझ्याकडे वळली. "पण वाचन मला दिसलं नाही, रजनी. खोटं सांगणार नाही."

"मलाही नाही दिसलं अजून."

"आणि नाहीच आलं तर?"

"येईल."

"एवढी खात्री?"

जानेवारीत मला कुणी हे विचारलं असतं तर मी वेळापत्रक दाखवलं असतं. आता दाखवायला हातात काही नव्हतं. "एवढी खात्री," मी म्हणाले, आणि खरंच होती.

अक्का गाडीत चढली. दुसरीचं पुस्तक तिनं आमच्याकडेच ठेवलं. विसरली म्हणाली. अक्का कधी काही विसरत नाही.

पंधरा जून आला आणि गेला. धुक्यात गावभर आमचेच गणवेश शाळेत निघाले. केतकीचा खुंटीलाच होता. हे तो काढत नव्हते, मी काढा म्हणत नव्हते. गल्लीतले लोक विचारायचे, मी सांगायची, "आमची घरी शिकते." पूर्वी हेच मी खाली मान घालून सांगत होते.

जूनच्या शेवटच्या शनिवारी पोस्टमन आला. निळं आंतरदेशीय पत्र. वर अक्काचं ठसठशीत अक्षर: 'कु. केतकी अरविंद माळवदे.' पोस्टमननं विचारलं, "ही कोण बाई?" आणि पत्र तिच्याच हातात दिलं. तिच्या नावाचं ते पहिलं पत्र.

ती कटिंगच्या टेबलावर चढून बसली. मी आतून पिठाचे हात घेऊन आले आणि म्हणणार होते, आण, वाचून दाखवते. ह्यांनी मशीनवरूनच मला हातानं थांबवलं. केतकीनं कात्रीनं पत्राच्या कडा नीट कापल्या, घडी उलगडली. तिची नजर ओळीवरून सरकायला लागली. एकदम ती खुदकन हसली.

"काय गं?" हे म्हणाले.

"ऐका ना," ती म्हणाली. आणि तिनं वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं.

"चि. केतकीस अनेक आशीर्वाद. तू घेतलेल्या मापाचं ब्लाउज छान बसलं. शाळा सुरू झाली. पहिल्याच दिवशी मी चारही वर्गांत सांगितलं, की यापुढे करंगळी वर करायची नाही. ज्याला जायचं त्यानं उठायचं आणि जायचं. पहिल्या दिवशी एकतीस मुलं उठून गेली. त्यातली निम्मी पिंपळाला फेरी मारून परत आली. दुसऱ्या दिवशी एकोणीस गेली. सगळ्या बाया म्हणाल्या, मोठ्या बाई, शाळेची जत्रा झाली. मी म्हटलं, होऊ दे. आज सहावा दिवस. ज्याला जायचं असतं तेवढाच जातो. चौतीस वर्षं नोकरी झाली, एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. तू सांगितलीस. आईला म्हणावं, तिला बाई होता आलं नाही ते बरंच झालं. सातचा पाढा तेवढा पाठ कर. दिवाळीला विचारणार. तुझी आत्या."

मध्ये दोनदा ती अडखळली होती. 'एकोणीस'ला, आणि 'चौतीस'ला. मी तिला सांगायला पुढं झाले नाही. तिचं तिनं जुळवलं आणि पुढं गेली.

मी शाब्बास म्हणाले नाही, हे बरं केलं. पिठाच्या हातांनी डोळे पुसले, त्यामुळे तोंडाचा काय अवतार झाला असेल तो असेल. हे उठले, मधल्या खोलीत गेले, खुंटीवरचा निळा गणवेश काढून आणला आणि टेबलावर पसरला.

"केतू, याचं काय शिवू? तू सांग."

तिनं विचार केला. "पिशवी. पत्र ठेवायला. आणि उरेल त्याचं मांजराला अंथरूण."

त्यांनी कात्रीच्या टोकानं पहिली शिवण उसवली. केतकीनं पत्राची घडी घालून ती वहीत ठेवली, टेबलावरून उडी मारली आणि मागच्या दाराकडे निघाली.

"कुठं गं?" हे सवयीनं म्हणाले.

तिनं मागं वळूनही बघितलं नाही.

"जाऊन येते," ती म्हणाली, आणि गेली.